सुगंधी पालेभाज्यांचे रोग आणि अतिसूक्ष्म धातुकण

सुरत शहराच्या आग्नेय अंगास, उधन्याला लागून, डिंडोली नावाची वस्ती आहे. तापीच्या खोऱ्यातून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या मार्गाने जळगावास जाणारा लोहमार्ग उधन्याहूनच फुटतो. याच गाडीने गेल्या दोन-तीन पिढ्यांत धुळे, जळगाव व नंदुरबार जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे पोटापाण्यासाठी येथे आली आणि स्थिरावली. दुकानांच्या पाट्या गुजरातीत, तर ओट्यावरचे बोलणे अहिराणीत, असा येथील थाट आहे. प्रस्तुत लेखकाची थोरली बहीण याच डिंडोलीत राहते. दाजींनी आयुष्याची तीस वर्षे यंत्रमागावर काढली. निवृत्तीनंतर त्यांनी खरवासाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला थोडी जमीन खंडाने घेतली असून त्यात ते कोथिंबीर, मेथी आणि बांधाकडेने पुदिना करतात.

गेल्या जानेवारीत, उत्तरायणाच्या चार दिवस आधी, मी त्यांच्याकडे गेलो होतो. आपल्याकडे जसा संक्रांतीचा तिळगूळ, तसा सुरतेस उत्तरायणाचा पतंग आणि उंधियू. या उंधियूत मेथीचे मुठिये पडतात आणि कोथिंबीर व हिरव्या लसणीचे वाटण सढळ हाताने लागते. त्यामुळे त्या दोन दिवसांत कोथिंबिरीच्या जुडीला जो भाव मिळतो तो एरवी मिळत नाही. दाजींचे वीस वाफे दुसऱ्या कापणीस आले होते. परंतु खालच्या पानांवर कोणी पिठी भुरभुरावी तशी पांढरी बुरशी दिसू लागली होती.

दाजींनी कोनाड्यातून एक बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. आत पिवळसर द्रव होता. "शालकबुवा, तुम्ही सरकारात आहात, हे काय आहे ते सांगा. नॅनो चांदी म्हणतात. भुरी, केवडा, मर, तांबेरा, सगळ्यांवर एकच औषध. काल संध्याकाळी आठ वाफ्यांवर मारले, बाकीच्या बारांवर आज मारायचे आहे."

लेखक कला शाखेचा पदवीधर आहे आणि प्रसिद्धीचे काम करतो. वनस्पतिरोगशास्त्र हा त्याचा विषय नव्हे. परंतु आपल्या खात्यातील तज्ज्ञांच्या सहवासात वीस वर्षे काढल्यावर काय विचारावे एवढे तरी समजू लागते. त्या दिवशी दाजींना मी जे सांगू शकलो, व परत आल्यावर तज्ज्ञांशी बोलून आणि वाचून जे अधिक समजले, ते येथे एकत्र मांडले आहे. नॅनो हा शब्द आता खेडोपाडी पोहोचला असल्यामुळे शेतकरी बंधू, ग्रामसेवक व शिक्षक या सर्वांना त्याचा उपयोग व्हावा.

रोग चार, स्वभाव चार

बाटलीवर ज्या चार रोगांची नावे होती ते एकमेकांचे भाऊबंदही नव्हेत, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

भुरीची बुरशी पानाच्या वरच वाढते आणि शोषणारी मुळे तेवढी पानाच्या सालीतील पेशींत खुपसते. तिला पान ओले असावे लागत नाही; थंड रात्र आणि कोरडा दिवस तिला मानवतो. म्हणूनच ती पौष-माघात कोथिंबीर, मेथी, वाटाणा यांवर दिसते. ती उघड्यावर बसलेली असल्यामुळे स्पर्शाने मारणारे औषध तिच्यापर्यंत सहज पोहोचते.

केवड्याचे तसे नाही. तो पानाच्या आत शिरतो, वरून पिवळे डाग आणि खालून राखी-जांभळी लव दिसते, आणि त्याला दव हवे असते. शास्त्रज्ञ तर त्याला खरी बुरशीही मानीत नाहीत. त्याचे गोत्र शेवाळाच्या अधिक जवळचे आहे. गोड्या तुळशीवरील केवड्याची हकीकत या दृष्टीने बोलकी आहे. हा रोग १९३३ साली युगांडात प्रथम नोंदला गेला आणि पुढे कित्येक दशके त्याचे नाव फारसे कोणी घेतले नाही. २००१ मध्ये तो स्वित्झर्लंडमध्ये, २००३ मध्ये इटलीत आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात प्रकटला. बियाण्यातून तो देशोदेशी गेला असे मानले जाते. ज्या रोगाचा प्रवास बियाण्यातून होतो त्यावर केवळ पानावरची फवारणी अपुरी पडणार हे उघड आहे.

मर हा जमिनीतून येणारा रोग. फ्युजेरियम नावाची बुरशी मुळांवाटे शिरून पाणी वाहणाऱ्या नळ्याच बुजवून टाकते, आणि हिरवे झाड उभ्याउभ्या माना टाकते. हरभऱ्याची मर खान्देशात कोणाला सांगावयास नको. कोथिंबीर, जिरे आणि तुळस यांच्या मरीमागेही याच बुरशीचे निरनिराळे प्रकार आहेत. राहिला पुदिन्याचा तांबेरा. तो पानाखाली तपकिरी पुळ्यांच्या रूपाने येतो आणि जुन्या खोडव्यात टिकून राहतो.

पानावरचा, पानातला, मुळातला आणि खोडव्यातला, अशा चारही ठिकाणच्या शत्रूंना एकाच फवारणीने गारद करणारे औषध आजवर कोणाच्या पाहण्यात आलेले नाही. दाजी म्हणाले, "मग देवीच्या अंगाऱ्यासारखेच झाले की हे." बाटली विकणाऱ्याने सोबत ट्रायकोडर्माची पुडीही दिली होती आणि दोन्ही एकत्र मिसळण्यास सांगितले होते. ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक उपकारक बुरशी आहे. बुरशी मारणाऱ्या चांदीत ती कालवणे म्हणजे राखणदारालाच प्रथम ठार करणे होय. ही सूचना ऐकल्यावर विक्रेत्याच्या ज्ञानाविषयी माझ्या मनात शंका उरली नाही.

बारीक म्हणजे किती बारीक

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाचा केस सुमारे ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. भुरीचा एक बीजकण सुमारे ३० हजार नॅनोमीटर लांबीचा असतो. १ ते १०० नॅनोमीटर या मापाच्या कणांना सामान्यतः नॅनोकण म्हणतात. म्हणजे भुरीच्या बीजकणाला हत्ती मानले तर नॅनोकण ही त्याच्या पाठीवरची मुंगी.

परंतु बारीकपणाने नेमके काय साधते? शिक्षक बंधू-भगिनींनी वर्गात हे गणित अवश्य करून घ्यावे. एक सेंटिमीटर बाजूचा चांदीचा घन घेतला तर त्याच्या सहा बाजूंचे मिळून क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर भरते. तोच घन कापून एक मिलिमीटर बाजूचे तुकडे केले तर सर्वांचे मिळून क्षेत्रफळ ६० चौरस सेंटिमीटर होते. चांदी तेवढीच, पृष्ठभाग दहापट. आता तोच घन एक-एक नॅनोमीटरच्या तुकड्यांत विभागला अशी कल्पना करा. क्षेत्रफळ होते ६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ५९ गुंठे! बोटाच्या पेरावर मावणारी चांदी दीड एकर रानाएवढी पसरते.

रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडते. खडीसाखर पाण्यात विरघळण्यास वेळ लागतो आणि पिठीसाखर तत्काळ विरघळते, हे आपण रोज पाहतो. तद्वतच चांदीचा नॅनोकण ओलाव्यात आपले भारित अणू, ज्यांना शास्त्रात आयन म्हणतात, झपाट्याने सोडतो. हे आयन बुरशीच्या प्रथिनांना चिकटून त्यांचे काम बंद पाडतात, पेशीचे आवरण फाटते आणि बीजकण रुजत नाही. तांबे आणि जस्त यांच्या कणांचे कार्यही बहुतांशी असेच चालते. कोळंबी व खेकडे यांच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसान या द्रव्याच्या कणांची तऱ्हा मात्र वेगळी. बुरशीचा हल्ला झाला असे झाडाला भासवून ते त्याची स्वतःची संरक्षणयंत्रणा जागी करतात.

जुनीच औषधे, नवी बारिकी

धातूने रोग आटोक्यात आणणे ही कल्पना नवी नाही. फ्रान्समधील मेडॉक भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून, मोरचूद आणि चुना शिंपडीत असत. १८८२ साली प्राध्यापक मिलार्दे यांच्या ध्यानात आले की, केवड्याने सारा मळा झोडपला असता याच वेली हिरव्या राहिल्या आहेत. १८८५ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. चोरांसाठी योजलेला उपाय रोगावर लागू पडला. नाशिक-सांगलीचे द्राक्षबागायतदार आजही वापरतात ते बोर्डो मिश्रण ते हेच. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी, आणि लोखंडी खिळा बुडवून तांबूस थर चढला तर आणखी चुना घालावा, हा पाठ आपल्या खात्याच्या प्रत्येक जुन्या पुस्तिकेत सापडेल.

गंधकाची कथाही बारीकपणाचीच आहे. पूर्वी भुकटी धुरळीत असत. पुढे पाण्यात मिसळणारे गंधक आले, ज्याचे कण काही हजार नॅनोमीटरचे असतात. कण बारीक झाला तसे औषध पानास अधिक चिकटले आणि मात्रा उतरली. नॅनोकण हे याच वाटेवरचे पुढचे पाऊल होय. ही काही आकाशातून पडलेली जादू नव्हे.

या पावलाची गरजही खरी आहे. तांबे जमिनीत साठत जाते, कुजत नाही. म्हणून युरोपीय संघाने २०१९ पासून हेक्टरी सात वर्षांत मिळून २८ किलोपेक्षा अधिक तांबे वापरण्यास मनाई केली. कमी तांब्यात तेच काम होत असेल तर ते कोणाला नको आहे? अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील कृषी संशोधन केंद्रात एल्मर व व्हाइट या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत टोमॅटो व वांग्याच्या रोपांवर लावणीपूर्वी तांब्याच्या ऑक्साइडचे नॅनोकण फवारले. मरीचा रोग असलेल्या जमिनीतही ती झाडे अधिक जोमाने वाढली. तेथे तांब्याने बुरशीस थेट मारले यापेक्षा, तांबे हे सूक्ष्म अन्नद्रव्य झाडास नेमके मिळाल्याने झाडच खंबीर झाले, असा त्यांचा विचार आहे. फवारणी रोपावस्थेत झाली आणि फळ पुष्कळ पुढे आले, ही बाब वाचकांनी लक्षात ठेवावी. तिचा उपयोग पुढे आहे.

पुणे आणि अमरावती येथील काम

या विषयात महाराष्ट्र मागे नाही, किंबहुना काही बाबतीत अग्रभागी आहे. पुण्यास पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या आरंभी एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. २००१ साली त्यांनी व्हर्टिसिलियम नावाच्या बुरशीकडून चांदीचे नॅनोकण तयार करवून घेतले. ते तिच्या पेशींत साठत. २००३ साली फ्युजेरियम ऑक्झिस्पोरम या बुरशीने तेच काम पेशीबाहेर, द्रावणातच करून दाखविले. कण वेगळे काढणे त्यामुळे सोपे झाले. वाचकांच्या लक्षात आले असेलच की हीच ती मर रोगाची बुरशी! जी शेतात झाड मारते, तिलाच प्रयोगशाळेत औषधाच्या कामास जुंपले गेले.

२००४ साली याच गटाने कडुनिंबाच्या पाल्याच्या अर्कात चांदीचे व सोन्याचे कण बनविले आणि त्याच वर्षी गवती चहाच्या अर्कापासून सोन्याचे त्रिकोणी कण मिळविले. चहात टाकावयाची ती पात, पण तिच्या रसात सोने असे भूमितीच्या आकृतीत उतरावे, हे वाचून माझ्यासारख्या शास्त्राबाहेरच्या माणसासही कौतुक वाटले.

अमरावती विद्यापीठात महेंद्र राय यांच्या मार्गदर्शनाखालील गटाने हा धागा पुढे नेला. २००८ मध्ये त्यांनी रोगट आल्यातून मिळविलेल्या फ्युजेरियमच्या एका जातीपासून चांदीचे कण बनवून रोगजंतूंवर त्यांचा परिणाम पाहिला. पुढील वर्षी अशाच कणांचा रोगकारक बुरशींवर होणारा परिणाम प्रसिद्ध केला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत कायटोसानच्या नॅनोकणांवर जस्त चढवून ते गव्हाच्या पानांवर फवारण्याचे काम झाले असून ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. कोरियात २००६ व २०११ साली भोपळावर्गीय पिकांच्या भुरीवर चांदीच्या कणांचे अनुकूल परिणाम मिळाले. तेव्हा दाजींची बाटली ज्या कल्पनेवर उभी होती ती कल्पना खोटी नव्हती. म्हणूनच अशी बाटली विकणे सोपे जाते.

येथे आणखी एक खुलासा आवश्यक वाटतो. २०२१ च्या फेब्रुवारीत खत नियंत्रण आदेशाखाली नॅनो युरियास मान्यता मिळाली आणि गुजरातेतीलच कलोल येथे त्याचा कारखाना उभा राहिला. त्यामुळे नॅनो म्हणजे सरकारमान्य, असा एक समज पसरला आहे. युरिया हे खत आहे. त्याच्या मान्यतेचा रोगनाशक औषधाशी काडीचाही संबंध नाही.

ज्याचे पानच खावयाचे असते

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत बुरशी मरणे आणि शेतातील कोथिंबीर ताटात येणे या दोहोंच्या मध्ये बरेच अंतर आहे.

वांगे, टोमॅटो, भोपळा यांची पाने आपण खात नाही. हरभऱ्यास टरफल असते, गव्हाला कोंडा असतो. कोथिंबीर, पुदिना, तुळस यांच्या बाबतीत ज्या पानावर फवारा पडतो तेच पान तोंडात जाते, तेही पुष्कळदा न शिजवता. तुळशीचे पान तर तीर्थाबरोबर लहान मुलाच्या हातावर ठेवले जाते. शिवाय कोथिंबिरीचे सारे आयुष्य चाळीस-पंचेचाळीस दिवसांचे. फवारणी आणि कापणी यांत अंतर ठेवू म्हटले तरी ते किती राहणार?

यावर दाजींनी विचारले, "आठ दिवस थांबून कापले तर उतरणार नाही का?" प्रश्न रास्त होता, कारण प्रत्येक कीटकनाशकाच्या वेष्टनावर प्रतीक्षा काल लिहिलेला असतो, आणि सुशिक्षित शेतकरी तो पाळतो. पण हा काल बहुतेक सेंद्रिय रसायनांसाठी उपयोगी पडतो. ऊन, पाणी व पानातील रस यांमुळे त्या रसायनांचे विघटन होते. चांदी हे मूलद्रव्य आहे. ते मोडून त्याचे दुसरे काही होत नाही. आठ दिवसांनीही पानावर चांदीच राहते. फार तर पावसाने काही वाहून जाईल आणि पान वाढल्याने प्रमाण पातळ होईल.

"मग धुऊन घेऊ," असे बहीण म्हणाली. अमेरिकेत पालकाच्या पानांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले आहे की, चांदीचे नॅनोकण नुसत्या पाण्याने धुतल्याने पुरते निघत नाहीत. काही मेणचट थराला चिकटतात आणि काही आत शिरतात. पानाचे श्वसनरंध्र नॅनोकणाच्या मानाने वेशीच्या दरवाजाएवढे असते.

दाजींचा शेवटचा मुद्दा मात्र बिनतोड वाटावा असा होता. "पेढ्यावर चांदीचा वर्ख खातोच की आपण!" वर्ख ही सलग धातूची पातळ पत्री आहे, ती पोटातून बहुतांशी जशीच्या तशी निघून जाते. वर सांगितलेले दीड एकराचे गणित येथे आठवावे. तीच चांदी नॅनोकणांच्या रूपात घेतली तर तिचा पृष्ठभाग कितीतरी पट होतो आणि विरघळणारा अंश त्या मानाने वाढतो. वर्ख सणासुदीला एखादवेळ, आणि कोथिंबीर रोज दोन वेळा. चांदीची संयुगे दीर्घकाळ पोटात गेल्यास कातडी कायमची निळसर-राखी पडते, हा विकार वैद्यकास फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कोथिंबिरीच्या एखाद्या जुडीने तसे होईल असे मुळीच नव्हे. प्रश्न असा आहे की, मात्रा न लिहिलेल्या बाटलीतून किती चांदी पानावर पडली, हे ना शेतकऱ्याला कळते ना गिऱ्हाइकाला.

जमिनीचाही विचार करावयास हवा. मेथी हे द्विदल पीक असून तिच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र बांधणारे जिवाणू असतात. चांदीला शत्रू-मित्र कळत नाही. आणखी एक अडचण विहिरीच्या पाण्याची. खारट पाण्यातील क्लोराइडशी संयोग होऊन चांदी साक्याच्या रूपाने खाली बसते आणि कण एकमेकांस चिकटून गोळे होतात. म्हणजे ज्या बारीकपणासाठी पैसे मोजले तोच नाहीसा होतो.

हे सारे पाहता, सुगंधी पालेभाज्यांत या तंत्राचा खरा उपयोग पानावरील फवारणीपेक्षा बीजप्रक्रियेत व रोपवाटिकेत व्हावा, असे माझे मत बनले आहे. तेथे द्रव्य अत्यल्प लागते, ते कापणीपासून दूर असते, आणि केवडा, मर यांसारखे बियाण्यातून व जमिनीतून येणारे रोग मुळाशीच गाठता येतात. कनेक्टिकटच्या प्रयोगाचा धडाही हाच आहे. पानावर फवारावयाचेच तर चांदीपेक्षा जस्त किंवा कायटोसान यांसारख्या, शरीरास कमी परक्या असलेल्या द्रव्यांकडे संशोधकांनी अधिक लक्ष द्यावे.

बाटली हातात घेतल्यावर

भारतात कीटकनाशक अधिनियम १९६८ व त्याखालील १९७१ चे नियम लागू आहेत. बुरशीनाशकेही त्यांतच मोडतात. केंद्रीय नोंदणी समितीकडे नोंदणी झाल्यावाचून असे कोणतेही द्रव्य विकता येत नाही, मग त्याचा कण मोठा असो वा नॅनो. वेष्टनावर नोंदणी क्रमांक, घटकद्रव्य व त्याचे प्रमाण, उत्पादकाचे नाव व पत्ता, तुकडी क्रमांक, उत्पादनाची व बाद होण्याची तारीख, विषारीपणा दाखविणारा रंगीत त्रिकोण आणि विषबाधेवरील उतारा असावा लागतो. सोबतच्या माहितीपत्रकात कोणत्या पिकावर, कोणत्या रोगासाठी, किती मात्रेत आणि कापणीपूर्वी किती दिवस थांबून, हे दिलेले असते. द्राक्षबागायतदार ज्याला लेबल क्लेम म्हणतात तो हाच. द्राक्षासाठी मान्य असलेले औषध कोथिंबिरीसाठी मान्य असेलच असे नाही.

नॅनो-आधारित कृषी निविष्ठांचे मूल्यमापन कसे करावे याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध केली आहेत. कणाचे माप, त्याची स्थिरता, माणूस व पर्यावरण यांवरील परिणाम ही सर्व माहिती त्यांत अपेक्षित आहे. काही विक्रेते आपले द्रव्य जैव-उत्तेजक म्हणून पुढे करतात. जैव-उत्तेजकांनाही २०२१ पासून खत नियंत्रण आदेश लागू आहे, आणि ज्या क्षणी वेष्टनावर रोग बरा करण्याचा दावा येतो त्या क्षणी ते कीटकनाशक अधिनियमाच्या कक्षेत येते.

दाजींच्या बाटलीवर वरीलपैकी एकच गोष्ट होती, ती म्हणजे नाव. पावती नव्हती. चांदी किती, हे नव्हते. मुळात चांदी होती की नाही हेही सांगता येणार नव्हते, कारण नॅनोचांदीचा पिवळसर रंग हळदीच्या पाण्यालाही आणता येतो.

भुरीवर घरगुती उपाय काय, असे अनेक जण विचारतात. पेरणी विरळ करावी, म्हणजे वाफ्यात वारा खेळतो. धणे रगडून पेरण्यापूर्वी दर किलोस ४ ते ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावा. एकाच वाफ्यात वर्षानुवर्षे कोथिंबीर घेऊ नये. पहिली रोगट पाने दिसताच काढून खड्ड्यात पुरावी. भुरी फारच वाढली आणि कापणीस अवकाश असेल तर पाण्यात मिसळणारे गंधक वेष्टनावरील मात्रेने, सकाळी वा संध्याकाळी, ऊन कमी असताना वापरावे. कडक उन्हात ते पान जाळते. कापणी चार दिवसांवर आली असता काहीही फवारू नये. त्यापेक्षा लवकर कापावे.

वाफ्यांचे पुढे काय झाले

दाजींनी त्या दिवशी उरलेल्या बारा वाफ्यांवर फवारणी केली नाही. फवारलेल्या आठ वाफ्यांचा निर्णय मात्र सोपा नव्हता. उत्तरायणाच्या भावाने त्या आठ वाफ्यांतून खंडाचा एक हप्ता निघाला असता, आणि पंप भाड्याचा, बाटली रोख पैशांची. दाजी बराच वेळ बांधावर बसून होते. शेजारच्या एकाने सुचविले की, मोठ्या बाजारात हजार जुड्यांत शंभर जुड्या कोण ओळखणार? तेव्हा बहीण म्हणाली, "मी आपल्या उंधियूत यातली काडी घालायची नाही. मग बाजारात पाठवायची कशी ते तुम्हीच सांगा." दाजींनी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आठही वाफे कापून बांधाच्या टोकाला खड्ड्यात पुरले. शेणखताच्या उकिरड्यात टाकले नाहीत.

उरलेल्या बारा वाफ्यांतील रोगट खालची पाने खुडून, निवडून, उत्तरायणाच्या आदल्या दिवशी माल गेला. जुड्या नेहमीपेक्षा लहान बांधाव्या लागल्या आणि निवडणीला दोन बायका रोजाने लावाव्या लागल्या. तरीही खर्च भागून थोडे उरले. खंडाचा हप्ता मात्र दाजींना मुलाकडून उसना घ्यावा लागला.

ती बाटली, तिच्यातील उरलेला द्रव तसाच ठेवून, त्यांनी तेथील शेती खात्याच्या कीटकनाशक निरीक्षकाकडे लेखी अर्जासह दिली. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी अशा प्रसंगी तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीचे कृषी अधिकारी यांच्याकडे जावे. बाटली धुऊ नये, लेबल फाडू नये, पावती असल्यास तिची प्रत जोडावी, आणि केव्हा, कोणाकडून, किती किमतीस घेतली ते अर्जात लिहावे. नमुना घेऊन तो तपासणीस पाठविण्याचा अधिकार निरीक्षकास अधिनियमानेच दिलेला आहे.

फेब्रुवारीच्या अखेरीस दाजींचा फोन आला. कापलेल्या आठ वाफ्यांत नवी फूट आली होती आणि तिच्यावर भुरी नव्हती. दिवस तापू लागले होते. तिसरी कापणी घ्यावी की वाफे मोडून उन्हाळी पुदिना लावावा, असे ते विचारीत होते. जुना पुदिना लावायचा तर खोडव्यात तांबेरा नाही ना ते आधी पाहा, एवढे मी सांगितले.